टाकी आणि चमचा : सेलेनियमयुक्त स्पिरुलिनाच्या एका बॅचचे प्रकरण

अहवालात कामाची ओळ एकच होती : एकूण सेलेनियम, प्रतिग्रॅम २०८ मायक्रोग्रॅम. उद्दिष्ट होते १०० चे. उत्पादकाच्या लेखी बॅच दुपटीने यशस्वी झाली होती. गोळ्या पाडायचा दिवस ठरला होता, लेबलाचा मसुदा तयार होता. माझ्याकडे कागद आले ते फक्त सही-शिक्क्यासाठी.

हे प्रकरण मी अन्नतंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्यांपुढे ठेवण्यासाठी रचले आहे. उत्पादक, टाकी आणि प्रयोगशाळेचे अहवाल कल्पित आहेत. त्यांत येणारे रसायन, रेणुभार, आरोग्याच्या मर्यादा आणि नियम मात्र खरे आहेत, आणि आकडेमोड कोणीही कागद-पेन्सिल घेऊन तपासावी. तपासावीच, कारण या प्रकरणात सगळे जे काही चुकले ते कोणी तरी एक गुणाकार न केल्यामुळे चुकले.

टाकीत काय होते

लांबट, उथळ, गोल फिरणारी टाकी. पाणी १०,००० लिटर, खोली २० सेंटिमीटर, एका बाजूला पाणी ढकलणारे पॅडलव्हील. माध्यम, म्हणजे वाढीचे क्षारपाणी, नेहमीचे झारूक नावाचे : लिटरला १६.८ ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट, २.५ ग्रॅम सोडियम नायट्रेट, बाकी फॉस्फेट, सल्फेट, मीठ, थोडे लोह. सगळे क्षार मिळून लिटरला सुमारे २२ ग्रॅम. पीएच साडेनऊच्या वर. एवढ्या अल्कधर्मी पाण्यात फार थोडे जीव तग धरतात, म्हणूनच उघड्या टाकीत स्पिरुलिना पिकवता येते.

स्पिरुलिनाला सूक्ष्मशैवाल म्हणायची पद्धत पडली आहे. खरे तर ती आर्थ्रोस्पिरा नावाची नील-हरित जिवाणूंची जात. व्यवहारात या फरकाने काही बिघडत नाही, पण एका ठिकाणी तो उपयोगी पडतो. क्लॅमिडोमोनास या खऱ्या हिरव्या शैवालात सेलेनियमवर चालणारी स्वतःची प्रथिने आहेत, त्याला सेलेनियमचा उपयोग ठाऊक आहे. स्पिरुलिना सेलेनियम घेते ती मुख्यतः गंधक समजून. आवर्तसारणीत सेलेनियम गंधकाच्या थेट खाली बसते आणि पेशीची यंत्रणा दोघांत नीट भेद करत नाही. गंधकाचे मेथिओनिन (प्रथिनांतले एक अमिनो आम्ल) बनवायच्या साच्यात सेलेनियम पडले की सेलेनोमेथिओनिन तयार होते आणि ते सरळ प्रथिनात विणले जाते. स्पिरुलिनाच्या कोरड्या वजनात अर्ध्याहून जास्त प्रथिनच असते. म्हणजे विणायला कापड भरपूर आहे.

हीच सगळ्या कल्पनेची जमेची बाजू. साध्या स्पिरुलिनात सेलेनियम जवळजवळ नसतेच. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या अन्नघटक तक्त्यात वाळवलेल्या स्पिरुलिनाच्या १०० ग्रॅमला ७.२ मायक्रोग्रॅम दिले आहे. ५ ग्रॅम भुकटी खाल्ली तर अर्धा मायक्रोग्रॅमही मिळत नाही. ‘स्पिरुलिना हा सेलेनियमचा नैसर्गिक स्रोत आहे’ असे कुठे वाचले तर तेवढ्यापुरते पान उलटावे. पण माध्यमात सेलेनियम घातले तर तीच पेशी ते शेकडो पटींनी साठवते, आणि त्यातला बराच भाग सेंद्रिय रूपात. यीस्टच्या बाबतीत हा उद्योग कधीच स्थिरावला आहे. शैवालाकडे लोक वळले ते त्याच वाटेने.

उत्पादकाने मात्रा घेतली ती शोधनिबंधांत आढळणाऱ्या वरच्या मात्रांपैकी : लिटरला ४० मिलिग्रॅम सोडियम सेलेनाइट, म्हणजे सेलेनियमचा एक विरघळणारा क्षार. १०,००० लिटरला ४०० ग्रॅम. पुड्याच्या पुडा ओतला.

हा पदार्थ कोणता, याची आठवण

बर्झेलियसने १८१७ साली सल्फ्युरिक आम्लाच्या कारखान्यातल्या गाळात सेलेनियम ओळखले. पुढची शंभराहून अधिक वर्षे त्याची ख्याती विषाचीच होती. १९५७ मध्ये श्वार्ट्झ आणि फोल्ट्झ यांनी दाखवले की उंदरांच्या यकृताचा एक नाश अत्यल्प सेलेनियमने टळतो, आणि विषाचे पोषक झाले. १९७३ मध्ये ग्लुटाथिओन पेरॉक्सिडेज या विकरात ते सापडले. आज माणसात सेलेनियमची प्रथिने बनवणारी २५ जनुके माहीत आहेत. थायरॉइडचे संप्रेरक कामाच्या रूपात आणणारी विकरेही त्यांतच येतात. चीनच्या केशान परगण्यावरून नाव मिळालेला हृदयस्नायूचा आजार सेलेनियमच्या कमतरतेशी जोडला गेला. त्याच देशातल्या एन्शी भागात १९६० च्या दशकात लोकांचे केस आणि नखे गळाली, ती सेलेनियम जास्त झाल्याने. एकाच देशात दोन्ही टोके.

या दोन टोकांमधली पट्टी अरुंद आहे. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००० साली प्रौढांसाठी रोजची शिफारस ५५ मायक्रोग्रॅम ठरवली आणि वरची मर्यादा ४००. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये वरची मर्यादा २५५ वर आणली. तिला आधार होता पस्तीस हजारांहून अधिक पुरुषांवरच्या सिलेक्ट चाचणीचा. त्या चाचणीत रोज २०० मायक्रोग्रॅम सेलेनियम दिले होते, प्रोस्टेटच्या कर्करोगावर उपयोग दिसला नाही, आणि केस गळण्याच्या तक्रारी मात्र वाढल्या. गरज आणि धोका यांत पाच पटींचेही अंतर नाही. क जीवनसत्त्वाची सवय असलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागतो. तिथे ‘जास्त झाले तर झाले’ चालून जाते.

पुड्याचे गणितही करून ठेवू. निर्जल सोडियम सेलेनाइटचा रेणुभार १७२.९, त्यात सेलेनियम ४५.७ टक्के. एका ग्रॅममध्ये ४,५७,००० मायक्रोग्रॅम. वरची जुनी, सैल मर्यादा धरली तरी हजाराहून अधिक माणसांची एका दिवसाची हद्द एका ग्रॅमच्या चिमटीत मावते. उंदरावरची तोंडावाटे मारक मात्रा किलोला सुमारे ७ मिलिग्रॅम. अन्न पिकवण्याच्या जागी ही बाटली ठेवायची तर कुलपात, वेगळ्या तराजूसह आणि वजन करणाऱ्याच्या तोंडावर मुखपट्टी असताना.

पहिली विचारणा : बाटली

मी सर्वांत आधी बाटलीचा फोटो मागवला. सोडियम सेलेनाइट दोन रूपांत मिळते, निर्जल आणि स्फटिकात पाण्याचे पाच रेणू धरलेले. दुसऱ्याचा रेणुभार २६३, सेलेनियम ३० टक्के. कित्येक निबंधांत नुसते ‘सेलेनाइट’ लिहिलेले असते, कोणते ते नाही; काही ठिकाणी मात्रा क्षाराची दिलेली असते, काही ठिकाणी निव्वळ सेलेनियमची. एका शब्दावर दीडपट-दुप्पट फरक पडतो. इथे बाटली निर्जलची निघाली. म्हणजे टाकीत लिटरला १८.३ मिलिग्रॅम सेलेनियम, एकूण १८३ ग्रॅम.

मग मी विचारले, बिनसेलेनियमची एखादी टाकी शेजारी होती का? नव्हती. तुलना कशाशी करायची हे कोणी ठरवलेच नव्हते.

दुसरी विचारणा : धुतले का

तंत्रज्ञ मुलगा प्रामाणिक होता. “मॅडम, गाळून दाबून घेतलं. गोड्या पाण्यानं धुतलं की पेशी फुटतात आणि हिरवं पाणी वाहून जातं, म्हणून धुतलं नाही.”

त्याचे म्हणणे खोटे नाही. खारट, अल्कधर्मी पाण्यातून उचललेली स्पिरुलिना गोड्या पाण्यात जास्त वेळ ठेवली तर पाणी आत शिरून पेशी फुटतात. त्यावर तोड म्हणजे सौम्य मिठाच्या पाण्याने झटपट, दोन-तीन वेळा धुणे. पण इथे धुणे अजिबातच गाळले होते, आणि त्याचा अर्थ असा.

दाबलेल्या लगद्यात घन भाग ११ टक्के होता. एक ग्रॅम कोरड्या पेशींमागे ८.१ मिलिलिटर पाणी अडकलेले. वाळवताना पाणी उडते, त्यातले क्षार आणि सेलेनियम तिथेच बसतात. दर मिलिलिटरला १८ मायक्रोग्रॅमच्या थोडे वर, म्हणजे दर ग्रॅम पेशींमागे सुमारे १४८ मायक्रोग्रॅम सेलेनाइट फुकटात चिकटले. शिवाय ०.१८ ग्रॅम क्षार. ‘एक ग्रॅम’ पेशींची भुकटी प्रत्यक्षात १.१८ ग्रॅम भरली.

उरलेला लगदा गोठवून ठेवलेला होता, हे नशीब. तो सौम्य मिठाच्या पाण्याने तीनदा धुऊन, वाळवून पुन्हा तपासला. आकडा आला ९७. आता बेरीज करा : ९७ आणि १४८ मिळून २४५, भागिले १.१८. बरोबर २०८. पहिल्या अहवालातले प्रत्येक मायक्रोग्रॅम जागेवर सापडले. प्रयोगशाळेची काही चूक नव्हती. ज्याला ‘दुप्पट यश’ म्हटले जात होते त्यातले साठ टक्के सेलेनियम शैवालाने कधी खाल्लेलेच नव्हते. ते भुकटीवर वाळलेले टाकीचे पाणी होते.

खूण आधीही दिसली असती. त्याच अहवालात राखेचा, म्हणजे जाळून उरणाऱ्या क्षारांचा, आकडा होता आणि तो फार मोठा होता. भुकटी जिभेला सोड्यासारखी लागत होती. पण सेलेनियमच्या ओळीवर पिवळा मार्कर मारलेला, राखेकडे बघतो कोण.

तिसरी विचारणा : कोणते सेलेनियम

या टप्प्यावर उत्पादक म्हणाले, “बरं, सत्त्याण्णव तर सत्त्याण्णव. टार्गेट शंभरच होतं.” म्हणणे रास्त वाटते. फक्त एकूण सेलेनियमच्या तपासणीत नमुना तीव्र नायट्रिक आम्लात मायक्रोवेव्हखाली विरघळवला जातो आणि सगळी रूपे एक होऊन जातात. (राख करून मोजायच्या जुन्या पद्धतीत सेलेनियमचा काही भाग उडून जातो, आणि आयसीपी-एमएस या अणूंचे वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रावर सेलेनियमची ८० वस्तुमानाची रेघ यंत्रातल्या आर्गॉन वायूच्या अणुजोडीखाली झाकली जाते, म्हणून प्रयोगशाळेला पद्धत विचारावी, आणि सेल्म-१ सारखा प्रमाणित सेलेनियम-यीस्टचा नमुना सोबत चालवला का तेही विचारावे.) पेशीत सेलेनियम कोणत्या रूपात बसले आहे हे पाहायचे तर प्रथिने विकरांनी हळूच तोडून, स्तंभावर वेगवेगळी करून मग मोजावी लागतात.

तसे मोजले. ९७ पैकी ६८ विकरांनी सुटून आले. त्यांत ४२ सेलेनोमेथिओनिन, १२ सेलेनाइट आणि १४ इतर छोटे सेंद्रिय रेणू. राहिलेले २९ तळाच्या गाळात, आणि त्या गाळाला विटकरी छटा.

ही छटा महत्त्वाची. सेलेनाइटचा मारा पेशीला झेपेनासा झाला की ती त्याचे क्षपण करून मूलद्रव्य सेलेनियमचे लाल, अतिसूक्ष्म कण बनवते. तिच्या दृष्टीने हा सुटकेचा मार्ग : विरघळणारे विष न विरघळणारे करून बाजूला टाकायचे. तंत्रज्ञाला विचारले तेव्हा आठवले की तिसऱ्या दिवशी टाकीच्या काठावरचा फेस तांबूस दिसत होता, आणि सकाळी झाकण काढले की लसणासारखा वास यायचा. तो वास बहुधा डायमेथिल सेलेनाइडचा, सेलेनियम वायुरूपात बाहेर टाकण्याची आणखी एक तऱ्हा. टाकी तीन दिवस सांगत होती की मात्रा जास्त झाली आहे. तिची भाषा नोंदवहीत नव्हती.

सेंद्रिय-असेंद्रिय भेदावर फार भाबडे बोलले जाते, म्हणून इथे थोडे थांबते. सेलेनाइटपासून शरीर सेलेनियम-प्रथिने बनवू शकते. पूरक म्हणून ते वापरलेही जाते. सेलेनोमेथिओनिनचे वेगळेपण असे की ते आतड्यातून मेथिओनिनच्याच वाटेने सहज शोषले जाते आणि स्नायूंच्या प्रथिनांत मेथिओनिनच्या जागी जाऊन बसते. साठा होतो. साठा होतो म्हणूनच जास्त झाले तर ते लवकर निघतही नाही. आणि ‘शैवालातले म्हणून अधिक चांगले लागू पडते’ हे तर गृहीत धरूच नये. २००१ साली जर्नल ऑफ न्यूट्रिशनमध्ये सेलेनियमची कमतरता केलेल्या उंदरांवरचा अभ्यास आला. त्यात सेलेनियमयुक्त स्पिरुलिनातले सेलेनियम सेलेनाइट आणि शुद्ध सेलेनोमेथिओनिन या दोन्हींपेक्षा कमी उपलब्ध ठरले. स्पिरुलिनाच्या बाबतीत हा धडा नवा नाही. तिच्यातले ब-१२ बरीच वर्षे मिरवले गेले, आणि शेवटी त्यातला बहुतांश भाग माणसाला निरुपयोगी असलेल्या छद्म-ब-१२ चा निघाला. ‘आहे’ आणि ‘लागू पडते’ या दोन ओळी लेबलावर एकमेकींच्या जागी बसत नाहीत.

शैवालासाठी तयार मापदंड हाताशी नव्हता, तेव्हा यीस्टचा लावून पाहिला. युरोपीय संघाच्या नियमात पूरक आहारातल्या सेलेनियम-यीस्टसाठी अटी स्पष्ट आहेत : बाहेर काढलेल्या सेलेनियमपैकी ६० ते ८५ टक्के सेलेनोमेथिओनिन, इतर सेंद्रिय रूपे १० टक्क्यांच्या आत, असेंद्रिय साधारणतः १ टक्क्याच्या आत. आमचे ४२ भागिले ६८ म्हणजे जेमतेम ६२ टक्के, काठावर पास. इतर सेंद्रिय २१ टक्के. सेलेनाइट १८ टक्के. दोन विषयांत नापास. हा नियम शैवालाला लागू नाही हे खरे. पण ज्याला शैवाल यीस्टच्या शेजारी मांडायचे आहे त्याने त्याच फुटपट्टीला घाबरू नये.

चौथी विचारणा : चमचा

खरे तर ही पहिली असायला हवी होती, टाकी भरायच्याही आधीची.

प्रतिग्रॅम १०० हे उद्दिष्ट आले कुठून? गोळीवरून. अर्ध्या ग्रॅमची गोळी, ५० मायक्रोग्रॅम, रोजची एक; शिफारस जवळपास पूर्ण. गोळीपुरते हे नेटके आहे. पण मसुद्यात दुसरे पानही होते : तीच भुकटी डब्यात, ‘पेयात किंवा पिठात मिसळून खा’. स्पिरुलिना लोक औषधासारखी मोजून घेत नाहीत. ती अन्न म्हणून, प्रथिन म्हणून खाल्ली जाते, चमच्याने, दिवसाला काही ग्रॅम. ५ ग्रॅम धरा. न धुतलेल्या भुकटीचे १,०४० मायक्रोग्रॅम होतात. दोन्हीपैकी कोणतीही मर्यादा घ्या, कितीतरी पार. आणि धुतलेली, ‘टार्गेटला’ आलेली भुकटी? ४८५. तीही दोन्ही मर्यादांच्या बाहेर. बॅच अगदी ठरवल्याप्रमाणे उत्तम निघाली असती तरी डब्यातला माल धोक्याचाच होता.

म्हणून माझे मत असे, आणि ते मी विद्यार्थ्यांना पहिल्या दहा मिनिटांतच सांगून टाकते : समृद्ध करायच्या अन्नात खनिजाचे प्रमाण सर्वांत मोठ्या चमच्यावरून ठरवावे, सर्वांत छोट्या गोळीवरून नाही. ज्याला ५ ग्रॅममध्ये ५० मायक्रोग्रॅम द्यायचे आहेत त्याला प्रतिग्रॅम १० पुरतात. दहापट कमी. शोधनिबंधांचा कल उलट असतो, कारण तिथे प्रश्न ‘पेशी जास्तीत जास्त किती साठवू शकते’ हा असतो आणि तो शास्त्र म्हणून रास्तही आहे. उत्पादकाने तो प्रश्न उत्तरासकट उचलून आणला.

उत्पादकांचा तोडगा लगेच आला : जास्तीची भुकटी नऊ भाग साध्या भुकटीत मिसळू. कागदावर जमते. पण दोन सुक्या भुकट्या एकसारख्या मिसळणे हे वाटते तितके सोपे काम नाही, आणि अरुंद पट्टीच्या खनिजात एखादा न मिसळलेला गठ्ठा म्हणजे एखाद्याचा पूर्ण डबा. २००८ साली अमेरिकेत एका द्रवरूप पूरकात सेलेनियम लेबलाच्या सुमारे २०० पट निघाले होते. लेबलावर २०० मायक्रोग्रॅम. दहा राज्यांत २०१ जण आजारी पडले : जुलाब, थकवा, केस गळणे, सांधेदुखी, नखे ठिसूळ होणे. मिसळण्यातली आणि मोजण्यातली चूक या पदार्थात किती महाग पडते याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. शिवाय मिसळून भुकटीचा प्रश्न सुटला असता, टाकीचा नाही.

टाकीत उरलेले

सुकलेल्या पेशी लिटरला ०.८ ग्रॅम, म्हणजे टाकीत एकूण ८ किलो. प्रतिग्रॅम ९७ ने त्यांनी उचलले ७७६ मिलिग्रॅम. घातले होते १८३ ग्रॅम. शैवालाने घेतले अर्ध्या टक्क्याहूनही कमी. बाकी १८२ ग्रॅम सेलेनियम पाण्यात तसेच फिरत होते.

स्पिरुलिनाचे माध्यम कापणीनंतर पुन्हा वापरतात. एवढे बायकार्बोनेट कोणी फेकत नाही. कामाच्या तक्त्यात लिहिले होते ‘प्रत्येक बॅचला ४० मिलिग्रॅम प्रतिलिटर’. दुसऱ्या बॅचचा पुडा मोजून ठेवलेला होता. तो पडला असता तर पाण्यातले सेलेनियम दुप्पट झाले असते आणि तिसऱ्या वेळी तिप्पट. मी या प्रकरणात काही वाचवले असेल तर तो एक पुडा.

पाणी सोडून देता आले असते का? जागतिक आरोग्य संघटनेचे पिण्याच्या पाण्यासाठीचे तात्पुरते मार्गदर्शक मूल्य लिटरला ४० मायक्रोग्रॅम. टाकीत १८,००० च्या वर. साडेचारशे पट. पण पिण्याचे पाणी ही इथे मुळातच तोकडी कसोटी आहे. १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या केस्टरसन जलाशयावर पाणपक्ष्यांची पिल्ले डोळे नसलेली, चोच वाकडी अशी निपजू लागली. शेतीच्या निचऱ्यातून आलेले सेलेनियम त्याचे कारण. नॉर्थ कॅरोलिनातल्या बेल्यूज तलावात कोळशाच्या राखेचे पाणी आले आणि माशांच्या २० पैकी १९ जाती नाहीशा झाल्या. दोन्हीकडे साखळीची सुरुवात शैवालापासून. पाण्यातून सेलेनियम सर्वाधिक पटींनी उचलले जाते ते याच पहिल्या पायरीवर. पुढे किडे, मासे, पक्षी हे फक्त हातोहात पुढे देतात. ज्या गुणावर आमचा उत्पादक धंदा उभा करत होता तोच तिथे घात करणारा ठरला. म्हणून अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०१६ मध्ये साचलेल्या पाण्यातल्या जीवांसाठी लिटरला १.५ मायक्रोग्रॅम इतके कडक मूल्य सुचवले.

सेलेनाइट लोहाच्या ताज्या साक्यावर चांगले चिकटते, तो एक मार्ग. पण त्यासाठी पीएच आम्लाकडे आणावा लागतो आणि इथे लिटरला १६.८ ग्रॅम बायकार्बोनेट बसले आहे. ते मारायला १०,००० लिटरला २,००० मोल आम्ल, म्हणजे तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचे १६० ते १७० लिटर, आणि त्यातून ८८ किलो कार्बन डायऑक्साइडचा फेस. सेलेनियम-क्षपण करणारे जिवाणू वापरून ते लाल कणांत बसवणे हा दुसरा मार्ग. सावकाश, पण शांत. कोणताही घ्या, ४०० ग्रॅमच्या एका पुड्यामागे आता आठवड्यांचे काम होते.

नवा हिशेब

बॅच विकायची नाही, यावर एकमत व्हायला तासभर लागला. गोळ्यांची तारीख रद्द झाली. मग फळ्यावर उलट्या बाजूने हिशेब मांडला.

समजा, सगळेच विपरीत झाले आणि शैवालाने घातलेले सेलेनियम शंभर टक्के उचलले. त्या परिस्थितीतही ५ ग्रॅमचा चमचा २५५ च्या आत राहिला पाहिजे. म्हणजे प्रतिग्रॅम कमाल ५०. पेशी लिटरला ०.८ ग्रॅम, तेव्हा माध्यमात लिटरला ४० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त घालायचेच नाही. योगायोग असा की हा आकडा आणि पिण्याच्या पाण्याचे मार्गदर्शक मूल्य एकच आले. उद्दिष्ट १० चे, म्हणजे वीस टक्के उचल पुरे. (२५५ ही दिवसभराच्या सगळ्या अन्नाची मिळून मर्यादा आहे, म्हणून ५० ही फक्त भिंत, मुक्काम १० वरच.)

१०,००० लिटरला ०.४ ग्रॅम सेलेनियम. निर्जल सेलेनाइट ०.८८ ग्रॅम. तंत्रज्ञाने आकडा दोनदा करून पाहिला. “चारशे ग्रॅमच्या जागी एक ग्रॅमही नाही?” नाही. तेही एकदम नाही. एक लिटर पाण्यात द्रावण करून, वाढ जोरात असतानाच्या चार दिवसांत थोडे थोडे, आणि शेवटचा दिवस कोरा, म्हणजे आत आलेल्या सेलेनाइटला प्रथिनात जायला वेळ मिळेल. नंतर मिठाच्या पाण्याने तीनदा धुणे, आणि प्रत्येक बॅचला तीन आकडे : एकूण सेलेनियम, सेलेनाइट, राख. राखेचा खर्च किरकोळ आहे आणि धुणे टाळले की ती लगेच चुगली करते.

वीस टक्के उचल होईल का, हे मोठ्या टाकीत पाहायचे नाही. पाच बादल्या, वीस-वीस लिटरच्या, एकाच मूळ संवर्धनातून भरलेल्या : १०, २०, ४०, ८० मायक्रोग्रॅम, आणि पाचवीत काहीच नाही. सल्फेटची मात्रा सगळीकडे तीच ठेवायची. पुढे कोणी सेलेनाइटऐवजी सेलेनेट हा सेलेनियमचा दुसरा क्षार वापरायचा म्हटला तर पहिली अडचण तिथेच येईल, कारण सेलेनेट सल्फेटच्याच दारातून आत शिरते आणि झारूक माध्यमात त्या दारापाशी सल्फेटची गर्दी असते.

लेबलाचा मसुदा उत्पादकांनी स्वतःच मागे घेतला. ‘सेलेनियमने समृद्ध’ हे शब्द राहू द्यायचे की नाही ते बादल्यांचे आकडे आल्यावर ठरेल. ‘जितके घ्याल तितके उत्तम’ ही ओळ त्यांनी माझ्यासमोर पेनने खोडली.

मोठी टाकी अजून भरलेलीच आहे. पॅडलव्हील बंद, निचऱ्याच्या तोटीला कुलूप, आणि वरून जाळी ओढलेली, कारण हिरवे पाणी पाहून बगळे यायला लागले होते.